पळून का जात नाहीत?
एका उदास कादंबरीने वाचकापुढे ठेवलेल्या प्रश्नाचा आढावा

काझुओ इशिगुरो यांच्या ‘नेव्हर लेट मी गो’ या कादंबरीचा विषय निघाला की थोड्याच वेळात एक प्रश्न येतो: ही माणसं पळून का जात नाहीत? कादंबरी २००५ साली प्रसिद्ध झाली आणि त्या वर्षीच्या बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होती. परीक्षणकारांनी हा प्रश्न विचारला, विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी त्यावर निबंध लिहिले, चित्रपट काढणाऱ्यांना त्याचं काहीतरी उत्तर पडद्यावर दाखवावं लागलं. पुस्तक मिटल्यावर मलाही आधी हाच प्रश्न पडला, आणि त्यात दुःखापेक्षा चीड जास्त होती. या प्रश्नाला आजवर मिळालेली उत्तरं एकत्र ठेवून पाहावीत, आणि असली उदास, दुःस्वप्नासारखी कादंबरी वाचकाकडून नेमकं काय मागते याचा शोध घ्यावा, एवढा या लेखाचा हेतू आहे.

कथानक थोडक्यात असं आहे. स्थळ इंग्लंड, काळ विसाव्या शतकाचा शेवट. कॅथी एच. नावाची एकतीस वर्षांची स्त्री आपली हकिगत सांगते. ती, रूथ आणि टॉमी हेलशम नावाच्या निवासी शाळेत वाढले. मोठी मैदानं, चित्रकला आणि कवितांचे तास, मुलांच्या आपसातल्या रुसव्याफुगव्यांचे दिवस. हळूहळू उमगतं, की ही मुलं क्लोन आहेत आणि तरुणपणी त्यांचे अवयव एकेक करून काढून घेतले जाणार आहेत. कुणी दुसऱ्या शस्त्रक्रियेत संपतं, कुणी चौथ्या. अवयव देण्याआधी काही वर्षं त्यांनी दुसऱ्या दात्यांची शुश्रूषा करायची असते. कॅथी हे काम अकरा वर्षांहून अधिक काळ करते आहे. तिला स्वतःची गाडी आहे. ती एकटी देशभर फिरते, रात्री रस्त्यालगतच्या उपाहारगृहात थांबते. कुठे पहारा नाही, कुणी तिचा पाठलाग करत नाही. तरीही ती प्रत्येक वेळी कामावर परतते.

संतापाच्या कादंबऱ्या आणि उदासीच्या कादंबऱ्या

आपला प्रश्न येतो तो आपल्या वाचनाच्या सवयीतून. येवगेनी झाम्यातिन यांची ‘वी’ इंग्रजीत १९२४ साली आली, ऑल्डस हक्सली यांची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ १९३२ साली, जॉर्ज ऑर्वेल यांची ‘नाइन्टीन एटी-फोर’ १९४९ साली आणि मार्गारेट अ‍ॅटवूड यांची ‘द हँडमेड्स टेल’ १९८५ साली. या कादंबऱ्यांनी वाचकाला एक साचा दिला. सत्ता सर्वव्यापी असते, पण तिला चेहरा असतो. एका माणसाच्या मनात शंका येते, तो चोरून डायरी लिहितो किंवा चोरून प्रेम करतो. पुढे तो मोडला जातो किंवा निसटतो. ऑर्वेलचा विन्स्टन शेवटी हरतो हे माहीत असूनही तो हरण्याआधी लढला याचा आपल्याला आधार वाटतो, आणि आपल्या संतापाला कुणावर तरी रोखून धरता येतं.

दुसरी परंपरा कमी गाजली, पण तीही जुनीच आहे. नेव्हिल शूट यांच्या ‘ऑन द बीच’ (१९५७) मध्ये अणुयुद्धात उत्तर गोलार्ध संपला आहे आणि किरणोत्सर्ग हळूहळू मेलबर्नकडे सरकतो आहे. लोक कामावर जातात, पुढच्या वर्षीच्या बागेचे बेत करतात. योको ओगावा यांच्या १९९४ साली जपानीत आलेल्या आणि २०१९ साली ‘द मेमरी पोलीस’ या नावाने इंग्रजीत गेलेल्या कादंबरीत एका बेटावरून पक्षी, गुलाब, कादंबऱ्या अशी एकेक गोष्ट नाहीशी होत जाते. गोष्टीबरोबर तिची आठवणही जाते, म्हणून बहुतेकांना फारशी हळहळही वाटत नाही. बेल्जियन लेखिका जॅकलीन हार्पमन यांच्या १९९५च्या फ्रेंच कादंबरीत तळघरातल्या पिंजऱ्यात कोंडलेल्या चाळीसजणी बाहेर पडतात, पण बाहेर फक्त ओसाड माळरान असतं. कोंडणारे कोण होते आणि का, हे शेवटपर्यंत कळत नाही. इथे सुटका होते, तरी सुटकेतून काहीच निष्पन्न होत नाही.

या कादंबऱ्यांत आपला राग रोखायला समोर कुणी नसतं. ज्या भावनेवर आपण डिस्टोपियन साहित्य वाचायला शिकलो, ती इथे रिकामी परत येते. ‘नेव्हर लेट मी गो’ याच घराण्यातली आहे. पण तिच्यात एक फरक आहे, आणि माझ्या मते सगळं महत्त्व त्या फरकाला आहे. शूटच्या मेलबर्नवर कोसळणारं संकट थांबवणं आता कुणाच्याच हातात नाही. हेलशमच्या मुलांवर कोसळणारं संकट कधीही थांबवता येईल, आणि ते चालू राहण्यात इतर सगळ्यांचा फायदा आहे.

आजवरची उत्तरं

पहिलं उत्तर संगोपनाचं आहे. टॉमीचा एक तर्क कादंबरीत येतो: शिक्षक मुलांना प्रत्येक गोष्ट ती नीट कळण्याच्या वयाच्या जरा आधीच सांगत असत. त्यामुळे धक्का कधी बसलाच नाही. अवयव काढण्याला ‘डोनेशन’ आणि मरण्याला ‘कम्प्लीट’ होणं म्हणायचं हेही मुलं इतर शब्दांसारखंच शिकली. मिस ल्यूसी ही एकच शिक्षिका पावसात अडकलेल्या मुलांना स्पष्ट सांगते, की तुमच्यापैकी कुणीही सिनेनट होण्यासाठी अमेरिकेला जाणार नाही. थोड्याच दिवसांत ती शाळेतून नाहीशी होते. शिवाय पळून जायचं तर जायचं कुठे? या मुलांना आडनाव नाही, नातेवाईक नाहीत. बाहेरच्या जगाची ओळख त्यांनी वर्गात ग्राहक आणि वेटर यांची सोंगं घेऊन करून घेतली आहे. हे उत्तर खरं आहे, पण अपुरं. ऑर्वेलच्या राज्यातही संगोपन होतंच, तरी तिथे एखादा विन्स्टन निघतो.

दुसरं उत्तर कामाच्या अभिमानाचं आहे. कॅथी पहिल्याच पानावर सांगते, की ती तिचं काम चांगलं करते आणि तिचे दाते फारसे अस्वस्थ होत नाहीत. ब्रूस रॉबिन्स यांनी २००७ साली लिहिलेल्या निबंधात हा धागा ब्रिटनच्या कल्याणकारी राज्यापर्यंत नेला आहे. आपल्या रुग्णाची, आपल्या जवळच्या माणसाची काळजी नीट घेण्यात माणूस इतका गुंततो, की त्या सगळ्या व्यवस्थेकडे पाहायला त्याला उसंत मिळत नाही. इशिगुरोंच्या इतर कादंबऱ्या याला दुजोरा देतात. ‘द रिमेन्स ऑफ द डे’ (१९८९) मधला बटलर स्टीव्हन्स मालक नाझींच्या कच्छपी लागला तरी चांदीची भांडी लखलखीत ठेवतो. ‘क्लारा अँड द सन’ (२०२१) मधली यंत्रमैत्रीण क्लारा सेवा संपल्यावर भंगाराच्या आवारात बसून आपण कर्तव्य केलं याच्या आठवणींत समाधानी असते. काम चोख करणाऱ्या, पण ते काम कुणाच्या उपयोगी पडतं हे न विचारणाऱ्या माणसाचा अभ्यास या लेखकाने आयुष्यभर केला आहे.

तिसरं उत्तर सर्वांत जास्त मान्यता पावलं, कारण ते खुद्द लेखकाचं आहे. मुलाखतींतून इशिगुरो सांगत आले, की क्लोनिंग हे त्यांना निमित्त म्हणून सापडलं. कादंबरीचा पहिला विचार नव्वदीच्या दशकातला होता, पण तरुणांचं आयुष्य लहान का, याचं पटण्यासारखं कारण मिळत नव्हतं. १९९६ साली डॉली मेंढी जन्मली आणि जैवतंत्रज्ञानाची चर्चा घरोघर पोचली, तेव्हा ते कारण मिळालं. ही मुलं म्हणजे आपणच, फक्त आपली सत्तर-ऐंशी वर्षं तीसमध्ये दुमडलेली. आपल्यालाही मरायचं आहे हे आपण लहानपणीच ऐकतो, आणि तरी शाळेत जातो, भांडतो, प्रेम करतो. मृत्यूपासून कुणी पळून जात नाही, मग त्यांनाच का विचारायचं? २००५ साली ‘गार्डियन’मधल्या परीक्षणात एम. जॉन हॅरिसन यांनीही कादंबरी क्लोनिंगविषयी नसून आपण सारे आयुष्यभर उद्रेक न होता कसे जगतो याविषयी आहे, असं म्हटलं. इशिगुरोंनी तर हिला आपली आनंदी कादंबरी म्हटलं आहे, कारण वेळ थोडा आहे हे कळल्यावर ही तिघं एकमेकांशी केलेली चूक दुरुस्त करतात.

हे उत्तर मला फार दिवस पुरलं. त्याने पुस्तक मोठं केलं आणि माझी चीडही शांत केली. पण अशा शांततेवर विसंबू नये, असं आता वाटतं. मृत्यू सर्वांनाच येतो. शस्त्रक्रियेचं टेबल मात्र काहींच्याच वाट्याला येतं, आणि ते दुसऱ्या कुणासाठी तरी मांडलेलं असतं. दोन्ही गोष्टी एक मानल्या, की अन्यायाला निसर्गाचं रूप येतं.

चौथं उत्तर आशेचं आहे आणि त्याची चर्चा त्या मानाने कमी झाली. मुलांमध्ये एक अफवा असते: जोडप्याचं प्रेम खरं आहे हे सिद्ध झालं, तर डोनेशन तीन वर्षं पुढे ढकलून मिळतं. सगळी व्याकूळता या अर्जात ओतली जाते. टॉमी प्राण्यांची बारीक बारीक चित्रं काढत राहतो, कारण चित्रांवरून आत्मा ओळखता येतो असं त्याला वाटतं. ‘आम्हाला सोडा’ असं कुणी म्हणत नाही, ‘आम्हाला थोडा वेळ द्या’ एवढंच म्हणतात. व्यवस्थेकडे सवलत मागणारा माणूस ती व्यवस्था मान्य करून बसलेला असतो. माझ्या मते पळून न जाण्याची ही सर्वांत राजकीय कारणमीमांसा आहे, आणि इशिगुरोंनी ती एका प्रेमकथेत गुंफली आहे.

पडद्यावर काय झालं

रूपांतर करणाऱ्यांना प्रश्न किती टोचला हे पाहण्यासारखं आहे. २०१० साली मार्क रोमानेक यांनी अ‍ॅलेक्स गारलंड यांच्या पटकथेवर चित्रपट काढला. त्यात क्लोनच्या मनगटावर पट्टे आहेत आणि येता-जाता ते यंत्रापुढे धरावे लागतात. कादंबरीत असं काही नाही. २०१६च्या जपानी दूरचित्रवाणी मालिकेत क्लोनच्या हक्कांसाठी उभी राहणारी एक मुलगी आणि तिचे साथीदार आणले गेले. आणि २००५ सालीच आलेल्या मायकेल बे यांच्या ‘द आयलंड’ या हॉलिवूडपटात अवयवांसाठी वाढवलेले क्लोन सरळ पळतात, गाड्यांचा पाठलाग होतो आणि अखेर सगळे मोकळे होतात.

प्रत्येकाने प्रेक्षकाला थोडा दिलासा दिला. पट्टा दिसला की न पळण्याला कारण मिळतं. बंडखोर दिसली की आपण कुणाच्या बाजूने आहोत हे ठरतं. पाठलाग दिसला की शेवट कळतो. कादंबरीने हे सारं नाकारलं, कारण तिला वाचकाला ते-पळतात-की-नाही यात गुंतवायचंच नव्हतं, असं मला दिसतं.

मादामचे अश्रू

कादंबरीच्या पूर्वार्धात एक प्रसंग आहे. लहानगी कॅथी उशी बाळासारखी कवटाळून एका गाण्यावर डोलते आहे. गाण्यातल्या बाईला मूल होणार नाही असं सांगितलं होतं आणि तरी झालं, अशी तिने आपल्यापुरती समजूत करून घेतली आहे. दारात मुलांची चित्रं न्यायला येणारी मादाम उभी आहे आणि ती हुंदके देते आहे. हीच मादाम एरवी मुलं जवळ आली की कोळी अंगावर यावेत तशी शहारते. कित्येक वर्षांनी तीच सवलत मागायला टॉमीबरोबर मादामच्या लिटलहॅम्प्टनच्या घरी गेलेली कॅथी तिला त्या अश्रूंचं कारण विचारते. मादाम सांगते ते वेगळंच: जुनं मायाळू जग जाऊन नवं, कार्यक्षम आणि निष्ठुर जग येताना तिला दिसलं होतं. ती एका कल्पनेसाठी रडली होती. त्या मुलीच्या मनात काय आहे हे तिने तेव्हा विचारलं नाही.

इथे इशिगुरोंनी वाचकालाच कादंबरीत उभं केलं आहे. आपणही त्या दारात उभे आहोत. आपल्यालाही रडू येतं, आणि ते रडू खरं असतं. पण आपण कशासाठी रडतो? आपल्या मृत्यूसाठी, निसटलेल्या बालपणासाठी, जगाच्या एकूण दशेसाठी? तसं असेल तर आपले अश्रू मादामच्याच जातीचे ठरतात. त्याच भेटीत हेलशमच्या मुख्याध्यापिका मिस एमिली शांतपणे खुलासा करतात. युद्धानंतर वैद्यकात एकामागून एक शोध लागले, बरे न होणारे आजार बरे होऊ लागले, अवयव कुठून येतात याचा विचार करायची कुणाची इच्छा नव्हती, आणि विचार सुचला तेव्हा मागे फिरणं अशक्य झालं होतं. हे सांगताना त्यांचं अर्धं लक्ष विकायला काढलेल्या कपाटाकडे असतं. ते न्यायला माणसं यायची असतात. या बाईंनी आयुष्य वेचून मुलांना चांगली शाळा दिली. त्यांच्या चांगुलपणात खोट नाही. तरीही तो चांगुलपणा मूळ प्रश्नाला हात लावत नाही.

परतीच्या वाटेवर टॉमी गाडी थांबवायला लावतो आणि अंधाऱ्या शेतात जाऊन ओरडतो. शाळेत असताना त्याच्या अशाच संतापावर सगळे हसायचे. आता कॅथीच्या मनात येतं, की त्याला आतून कदाचित पहिल्यापासून ठाऊक होतं. अख्ख्या कादंबरीतला हा एकच खराखुरा उद्रेक आहे आणि तो ऐकायला एका मैत्रिणीशिवाय कुणी नाही.

मग लक्षात येतं की या पुस्तकात अवयव घेणारा एकही माणूस दिसत नाही. ज्याचं यकृत बदललं, जिचं मूत्रपिंड बदललं, ज्यांची आई वाचली, त्यांच्यापैकी कुणी नाही. कॅथी ज्यांना उद्देशून बोलते ते श्रोतेही तिच्यासारखेच आहेत. घेणाऱ्यांची जागा रिकामी ठेवली आहे आणि तिथे बसायला आपण आहोत. ‘ते पळून का जात नाहीत’ हा प्रश्न त्या खुर्चीतून विचारला जातो. सोसणाऱ्याने पळावं, लढावं, ओरडावं अशी आपली अपेक्षा असते. घेणाऱ्याने नको म्हणावं असं आपल्याला सुचतही नाही. इतकं सोपं पाऊल इतक्या वाचकांच्या मनात का येत नाही, हा या कादंबरीने उघड केलेला खरा विषय आहे.

एक आक्षेप इथे नोंदवला पाहिजे. अशी उदासी वाचकाला निष्क्रिय करते, वेदना सुंदर करून दाखवते आणि व्यवस्थेला धक्का न लावता घरी पाठवते, असं काही वाचकांना वाटतं. त्यात तथ्य आहे. कॅथीचा संथ, समजूतदार सूर मोहात पाडतो. मोहातून बाहेर पडण्याचं काम कादंबरी वाचकावर सोपवते, आणि सगळेच ते करतील याची हमी देता येत नाही. पण ते केलं तर हाती येणारी गोष्ट संतापाच्या कादंबरीतून सहसा येत नाही, कारण तिथे आपण स्वतःला नेहमी विन्स्टनच्याच जागी पाहतो.

मुंबईतून दिसणारी दुसरी बाजू

घेणाऱ्याला रंगमंचावर आणण्याचं काम एका भारतीय लेखिकेने इशिगुरोंच्या आठ वर्षं आधी केलं होतं. मंजुळा पद्मनाभन यांच्या ‘हार्वेस्ट’ या इंग्रजी नाटकाला १९९७ साली ग्रीसचं ओनासिस पारितोषिक मिळालं. नाटक भविष्यातल्या मुंबईत, एका खोलीच्या घरात घडतं. बेकार झालेला ओम परदेशी ग्राहकाला आपलं शरीर विकण्याचा करार करतो. घरात वस्तू येतात, सुबत्ता येते आणि छताला टांगलेल्या यंत्रातून ग्राहकाचा चेहरा दिवसभर नजर ठेवू लागतो. अखेर ओमची बायको जया दार लावून घेते आणि सांगते, की हवं असेल तर स्वतः, आपल्या देहाने इथे ये. घेणाऱ्यानेही काही धोका पत्करावा, ही तिची मागणी आहे. गोविंद निहलानी यांनी २००१ साली या नाटकावर ‘देहम’ हा चित्रपट केला. ‘हार्वेस्ट’ आणि ‘नेव्हर लेट मी गो’ एकापाठोपाठ एक वाचावीत. जयाची मागणी वाचल्यावर कॅथीच्या हकिगतीतली रिकामी खुर्ची डोळ्यांत भरते.

हा संदर्भ आपल्यासाठी नुसता साहित्यिक नाही. १९९४ साली संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला, तो मूत्रपिंडांची खरेदी-विक्री रोखण्यासाठी. तो प्रथम महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश या राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. विक्रीला बंदी आली, पण देणारे कोण आणि घेणारे कोण हा प्रश्न मिटला नाही. भारतातली बहुतेक प्रत्यारोपणं जिवंत दात्यांच्या अवयवांवर होतात, आणि या जिवंत दात्यांत स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहे, तर घेणाऱ्यांत पुरुष जास्त. आई देते, बायको देते, बहीण देते. त्यांतल्या पुष्कळजणी मनापासून, प्रेमाने देतात, आणि त्या प्रेमाविषयी शंका घेण्याचं कारण नाही. पण घरात ‘तू देशील ना?’ असं कुणाला आधी विचारलं जातं आणि कुणाला कधीच विचारलं जात नाही, हे पाहायला हवं. ‘ती नाही का म्हणाली नाही?’ असं मागाहून विचारणं सोपं असतं.

मृत्यूनंतरचं अवयवदान वाढलं तर जिवंत माणसावरचं हे ओझं हलकं होईल. म्हणून ही कादंबरी वाचून प्रत्यारोपणाविषयी घृणा वाटून घेणं म्हणजे तिचा उलटा अर्थ लावणं आहे. वैद्यकाने दिलेलं वरदान नाकारायला ती सांगत नाही. त्या वरदानाची किंमत कोण मोजतं, हे डोळे उघडे ठेवून पाहायला सांगते. अवयवांना हे लागू आहे तितकंच आपल्या सोयीसाठी झिजणाऱ्या प्रत्येकाच्या श्रमालाही लागू आहे: गटारात उतरणाऱ्याच्या, दुसऱ्याचं मूल सांभाळण्यासाठी आपलं गावी ठेवून आलेल्या बाईच्या. ही माणसं निघून का जात नाहीत असं आपल्या मनात येईल, तेव्हा या कादंबरीच्या वाचकाने तिथेच थांबावं आणि प्रश्नाचा कर्ता बदलावा. ते का सोसतात हे विचारण्याआधी आपण का घेत राहतो याचं उत्तर द्यावं. उदास कादंबरी वाचून आलेले अश्रू खरे होते की नाहीत, हे त्या उत्तरावरून ठरेल.